पुन्हा कसायचे राहिलेले नट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पोस्टिंग जम्मूच्या पुढे एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. रँक सिपाही, ट्रेड ड्रायव्हर. गाव किन्हवली, तालुका शहापूर. कंपनीत कोणी जिल्हा विचारला की मी ठाणे सांगायचो आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हा मुंबईकडचा शहरी पोरगा. फौजेत येईपर्यंत मी बैलगाडी सोडून काहीही हाकलेलं नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

गावात अजूनही नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. गोळी चालवलीत का? चालवली, फायरिंग रेंजवर. बाकी सगळी नोकरी स्टिअरिंगमागे गेली. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, हा कसला फौजी. पण वर बर्फात बसलेल्या जवानाला आटा, केरोसीन आणि दारूगोळा लागतो, आणि हा माल आपल्या पायांनी चालत वर जात नाही. तो चाकांवर जातो. आणि चाक नटांवर असतं. तेव्हा मला ज्याविषयी सांगायचं आहे तो माणूस नटांपासूनच सुरू होतो.

काशिनाथ माझ्याच बॅचचा. गाव वैशाखरे, मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते. किन्हवलीहून सरळगावमार्गे एसटीने जायचं म्हटलं तर फार लांब नाही, पण आमची भेट झाली ती थेट ट्रेनिंग सेंटरमध्ये, बूट-वाटपाच्या रांगेत. पुढच्या पोराने आपल्या बुटाला शिवी घातली ती अस्सल आमच्याकडची होती. मी मागून म्हटलं, "कुठला रे तू?" तेव्हापासून आम्ही बरोबर होतो. तो सडपातळ, कमी बोलणारा आणि एकदा धरलं की न सोडणारा.

आमचा उस्ताद हरियाणाचा एक हवालदार होता. सुरुवातीला त्याने आम्हाला गाडी चालवूच दिली नाही. चाक काढा, चाक लावा. पुन्हा काढा, पुन्हा लावा. सिव्हिलियन माणूस चाक बदलतो तेव्हा एक नट घेतो, तो जीव खाऊन आवळतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. शेवटी पान्याच्या दांड्यावर उभा राहून दोन उड्या मारतो आणि हात झटकतो. आम्हीही तेच केलं. उस्तादाने सगळं शांतपणे पाहिलं आणि आमच्याकडून त्या दिवशी जेवणाची सुट्टी होईपर्यंत तेच चाक काढून-लावून घेतलं.

त्याची पद्धत अशी. चाक चढवण्याआधी नट रिमला जिथे भिडतो ती जागा फडक्याने पुसायची. माती नको, गंज नको, ग्रीस नको, रंग नको. लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. नट आधी बोटांनी फिरवायचे, पाना नंतर. एक कसला की शेजारचा सोडून समोरचा घ्यायचा, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. गाडी जॅकवर असताना अर्धवट कसायचे, चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण. दांड्यावर उड्या मारायच्या नाहीत, त्याने नट ज्यावर फिरतो तो स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी ऐन वेळी तुटतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी थोडी चालली की थांबायचं आणि सगळे नट पुन्हा कसायचे.

"दुबारा क्यों, उस्ताद?" एकाने विचारलं.

"पहली बार तू कसता है. फिर चक्का अपनी जगह बैठता है. बैठ गया, तो नट ढीला. अब समझा?"

काशिनाथला ते इतकं समजलं की पुढे आम्हा सगळ्यांना त्याचा त्रास झाला. एकदा कॉन्व्हॉयमध्ये त्याच्या ट्रकचं मागचं चाक बदललं होतं. पुढे एक मोकळी जागा दिसताच त्याने ट्रक बाजूला घेतला आणि पाना काढला. मागे आख्खा कॉन्व्हॉय अडला. मी त्याचा को-ड्रायव्हर, वायरलेस सेट माझ्या मांडीवर.

"फाइव्ह, क्यों रुके? ओव्हर."

"व्हील चेक, साब. ओव्हर."

"बाद में करना. मूव्ह. ओव्हर."

मी काशिनाथकडे पाहिलं. तो खाली वाकून नट कसत होता. त्याने मान हलवून नाही म्हटलं.

"साब, दो मिनट. ओव्हर."

मुक्कामाला पोहोचल्यावर सुभेदारसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. काशिनाथ सावधानमध्ये उभा राहून "यस साब, यस साब" म्हणत राहिला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा थांबला. सुभेदारसाहेबांनी मग नाद सोडला. पुढे त्याला लान्स नायकाची फीत मिळाली तेव्हा त्यांनीच त्याची पाठ थोपटली.

आमच्या कंपनीत दसरा मोठा असायचा. एमटी पार्कमध्ये गाड्या धुवून रांगेत लावायच्या, पुढे सतरंजीवर जॅक, पाने, हातोडे मांडायचे, पंडितजी मंत्र म्हणायचे, बोनेटवर नारळ फुटायचे. त्या दिवशी एकही गाडी गेटबाहेर जायची नाही. इमर्जन्सीसाठी म्हणून एक गाडी वेगळी असे, आणि तिची हत्यारं पूजेला ठेवत नसत. हा कुठे लिहिलेला हुकूम नव्हता, तशी रीत होती. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

घरीही खंडेनवमीला हेच. आमच्या आणि मुरबाडच्या पट्ट्यात त्या दिवशी कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार घासूनपुसून देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवतात. हळदकुंकू, झेंडू, नव्या भाताच्या चार लोंब्या. दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. शेताला ते चालून जातं. भात एक दिवस उभं राहतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. काशिनाथचा मोठा भाऊ बाळाराम, ज्याला मीही दादाच म्हणायचो, त्याने जुनी काळी-पिवळी जीप घेतली होती. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, पुढे मोरोशीपर्यंत सीटवर, माणशी भाडं घेऊन चालवायचा. वडील लवकर गेलेले. घरात आई, दादा, वहिनी आणि सुट्टीवर येणारा काशिनाथ. त्या वर्षी आम्हा दोघांना दसऱ्याला एकत्र सुट्टी मिळाली. फौजेत असं नशीब फार वेळा उघडत नाही. तो एक दिवस आधी निघाला आणि नवमीच्या संध्याकाळी घरी पोहोचला. मी दसऱ्याला दुपारी वैशाखऱ्याला जेवायला जायचं ठरलं होतं.

नवमीच्या संध्याकाळचं मी पाहिलेलं नाही, दादाने नंतर सांगितलं. धाकटा भाऊ येतोय म्हणून दादाने जीप नवरीसारखी सजवली होती. चारही चाकं काढून रिमला लालभडक ऑइल पेंट लावला, आतून-बाहेरून, नटाच्या भोकांतसुद्धा, जाड दोन हात. पूजेच्या मुहूर्तासाठी तो पुरता वाळण्याआधीच चाकं चढवली. काशिनाथने अंगावरची बॅग खाली ठेवली, जीपला एक चक्कर मारली आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. एका नटाच्या कडेला नख लावलं. नखाला रंग आला.

"दादा, रंग मऊ हाय अजून. नट रंगावर बसलेत, लोखंडावर नाय. हा रंग दबंल आन नट ढिले होतील. पाना दे."

"पाना देव्हाऱ्यात हाय."

काशिनाथ आत गेला. पाटावर कोयत्याच्या शेजारी जीपचा पाना, जॅक, पक्कड मांडलेली, पान्यावर कुंकवाचा टिळा. आईने त्याचा हात वाटेतच धरला.

"नाय रे बाबा. बसवलेलं हत्यार उठवू नये. उद्या सोनं लुटलं का घे."

ज्याने कॉन्व्हॉयमध्ये सुभेदाराचं ऐकलं नाही, तो आईपुढे गप्प बसला. वर्षातून एकदा घरी येणारा माणूस आल्या दिवशी आईशी वाद घालत नाही. मीही घातला नसता. त्याने एवढंच म्हटलं, "मंग गाडी पन उभी राहू दे. पाना उठंल तेव्हाच गाडी उठंल." दादाला ते पटलं. आईलाही पटलं. सगळे जेवले आणि झोपले.

दसऱ्याला मी किन्हवलीहून निघालो, सरळगावला गाडी बदलली. टोकावडे मागे टाकल्यावर समोरून एक जीप सुसाट गेली. झेंडूच्या माळा, लाल चाकं. मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या. मी मनात हसलो, काय हौस असते एकेकाला.

वैशाखऱ्याच्या स्टॉपवर काशिनाथ उभा होता. इस्त्रीची पँट, नवा शर्ट, आणि चेहरा मात्र इन्स्पेक्शनच्या दिवशी असतो तसा.

"काय रे, काय झालं?"

"दादा गाडी घेऊन गेला. टोकावड्याला."

वाडीवरच्या एका ठाकर बाईला गवत कापताना पान लागलं होतं. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही. माणसांनी तिला झोळीत घालून खाली रस्त्यावर आणलं. एसटीचा पत्ता नव्हता. काशिनाथ तेव्हा आपट्याची फांदी आणायला रानात गेला होता. दादाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बाईकडे, आणि तिला घालून दवाखान्यात निघाला. त्याच्या जागी मीही निघालो असतो, काशिनाथही निघाला असता. फक्त काशिनाथ हळू गेला असता.

"घरात पाना हाय ना," मी म्हटलं. "आता तरी आय देईल."

"देईल. पन रडत देईल. सणाचा दिस हाय, तिला कशाला तसं करायचं? दुसरा बघू."

रस्त्यावर आणखी दोन जीपवाले होते. दोघांचेही पाने देव्हाऱ्यात. दोघांनीही ते अशा चेहऱ्याने सांगितलं की जणू आम्ही त्यांच्याकडे देवच उसना मागत होतो. मग काशिनाथला आठवला तो गावाच्या टोकाला टायर-पंक्चरचं दुकान चालवणारा जोसेफ. केरळचा माणूस, बरीच वर्षं तिथे. त्याच्याकडे खंडेनवमी नव्हती. त्याने भिंतीवरचा पाना काढून दिला.

"ले जाओ. आज मेरे कू कोई काम नहीं."

दुकानाच्या थोडं पुढे एक मोरी आहे. टोकावड्याकडून येणारी गाडी तिथे उतारावरून खाली येते. जायला-यायला तोच एक रस्ता. आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. पाना काशिनाथच्या मांडीवर. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. वारा बरा होता.

काशिनाथ म्हणाला, "पंधरा वर्षं भरली का पेन्शनीत बसतो. मंग दादाच्या जोडीला हीच गाडी. दिवसा तो, सांजचा मी."

"आन तुझं नट तपासणं? पॅसेंजर पळून जातील."

तो हसला. "जाऊ दे. जितके राहतील तितके नीट पोचतील."

त्याच्या तोंडून मी ऐकलेली ही शेवटची निवांत वाक्यं. तेव्हा ती साधी वाटली होती.

जीप दिसण्याआधी ऐकू आली. इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, लोखंड लोखंडावर आपटल्याचा. चाकाच्या फेऱ्यासारखा, ठरावीक अंतराने.

"ऐकतंस?" काशिनाथ उठला. "पुढचं चाक हाय. डावं."

तो रस्त्याच्या कडेला गेला. मध्ये नाही, कडेलाच, जिथे उभं राहायचं असतं तिथेच. पाना डाव्या हातात. उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून हलवायला लागला. कॉन्व्हॉयमध्ये आम्ही असाच हात करायचो. हळू कर, ब्रेक मारू नको, गिअर उतरवत ये. आम्हाला दुसरा हात माहीत नव्हता.

दादा फौजेत नव्हता. सीटवर जीप चालवणाऱ्याला रस्त्याच्या कडेला हात दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात गाडी उभी करायची रोजची सवय. त्यात समोर सख्खा भाऊ. त्याने उतारावर दाबून ब्रेक मारला. जीपचं डावं नाक खाली बसलं, चाकामागचा ड्रम डांबरावर घासत गेला, ठिणग्या उडाल्या. आणि चाक सुटून एकटंच पुढे आलं. जीप थांबली, चाक थांबलं नाही.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काशिनाथने मागे पाऊल टाकलं, मागे मोरीचा कठडा होता. चाक त्याच्या छातीवर आलं.

जीपमधून बायका किंचाळत उतरल्या. एकीलाही खरचटलं नव्हतं. दादा धावत आला आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"काश्या, ए काश्या. बोल ना रे."

काशिनाथला श्वास घेता येत नव्हता. तरी त्याने विचारलं, "ती बाई?"

"पोचली रे. इंजेक्शन दिलं तिला. वाचंल बोलले डॉक्टर."

त्याने मान हलवली. रिपोर्ट मिळाल्यावर हलवतो तशी.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला घेतलं. आम्ही थेट मुरबाड धरलं. सरळगाव सोडल्यावर मी त्याची नाडी पुन्हा शोधली, आणि मग दादाला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मोरीपाशी गेलो. जीप तिथेच होती. दोन स्टड जागेवर होते, त्यांचे नट फिरत फिरत गळून पडलेले. तीन तुटलेले. रिमच्या भोकांत तो लाल रंग चेपून कडेला गोळा झाला होता, दुधावरची साय बोटाने सारावी तसा. उस्तादाने सांगितलेलं एकूण एक तिथे दिसत होतं. मी ते पाहिलं आणि रस्त्यात बसून रडलो. त्याआधी रडायला वेळ मिळाला नव्हता.

मुरबाडच्या एसटीडी बूथवरून मी कंपनीला फोन केला होता. ॲडज्युटंटसाहेब लाइनवर आले.

"ड्यूटी पे था?"

"नहीं साब. छुट्टी पे था."

"हुआ कैसे?"

"व्हील निकल गया, साब."

साहेबांनी पुढे काही न विचारता गावाचा पत्ता लिहून घेतला. काशिनाथला आणि चाकाला कंपनीत सगळेच ओळखत होते.

जवळच्या एका युनिटमधून एक नायब सुभेदार आणि चार जवान पुष्पचक्र घेऊन आले. वैशाखऱ्याच्या लोकांनी पहिल्यांदाच शस्त्रं उलटी धरून उभे असलेले जवान पाहिले. कंपनीच्या क्वार्टर गार्डपाशी काळ्या दगडावर ड्युटीवर गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत काशिनाथचं नाही. सुट्टीवर, खाजगी वाहनाच्या अपघातात गेलेल्याचं तिथे येत नाही. नियम बरोबर असेल. मला तो आजही पटत नाही. तो माणूस हातात पाना घेऊन, दुसऱ्यांची गाडी नीट थांबावी म्हणून उभा असताना गेला. ती ड्युटी नव्हती तर मग माझ्या सगळ्या नोकरीत मी ड्युटी पाहिलीच नाही.

मी पुढे हवालदार म्हणून रिटायर झालो आणि त्यानंतरची वर्षं गावात काढली. शहापूरच्या स्टँडवर, सरळगावच्या नाक्यावर कोणी चाक बदलताना दिसला की माझे पाय थांबतात. "समोरासमोरचा घे रे, शेजारचा नको." "पोचलास का पुन्हा कस." पोरं हसतात. "काका, तुमी जा ना. काय नाय होत." एखादा कसतोही. दसऱ्याच्या आसपास रंगवलेली रिम दिसली तर मी मात्र हसू देत नाही, भोकांतला रंग खरवडायला लावूनच पुढे जातो. स्टँडवर माझं नाव काय पडलंय ते मला माहीत आहे. पडू दे. पण हे सगळं करूनही आत काही हलकं होत नाही, तेही सांगून टाकतो.

ती ठाकर बाई जगली. दर दिवाळीला काशिनाथच्या घरी रानातली करांदं, उकडून खायचे कंद, आणून देते. दादाने जीप विकली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मी त्याला किती वेळा सांगितलं, तू गेलास म्हणून एक जीव वाचला. तो ऐकून घेतो आणि शेतावर निघून जातो.

दसऱ्याला मी दरवर्षी वैशाखऱ्याला जातो. परवाच्या वर्षी गेलो तेव्हा आई ओटीवर एकटीच होती. आता तिला नीट दिसत नाही, हाताने चाचपून माणूस ओळखते. मी पाया पडलो, सोनं दिलं. तिने ते कपाळाला लावलं आणि माझा हात सोडला नाही.

"सदा, येक इचारू? खरं सांगशील?"

"इचार ना आय."

"त्या नवमीच्या सांजेला मी पाना दिला असता, तर माझा काशी आज असता ना रे?"

इतकी वर्षं ती हा प्रश्न घेऊन बसली होती आणि मी तो येऊ नये म्हणून लवकर उठून निघत होतो. त्या संध्याकाळी नट काढून, रंग खरवडून पुन्हा कसले असते तर चाक सुटलं नसतं. हे मला माहीत आहे. माझं सगळं शिक्षण एवढंच आहे.

मी म्हटलं, "नाय आय. स्टड जुने होते, आधीच गेलेले. किती बी कसलं असतं तरी तेच झालं असतं."

तिने माझ्या हातावरून बोटं फिरवत वर नेली, खांद्यावर, मानेवर, हनुवटीपर्यंत. तिथे ती थांबली.

"काशी पन असाच," ती म्हणाली. "खोटं बोलताना मान खाली घालायचा."